घरातील पदार्थांची तीन कुळे : मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांचे ऋण मान्य केलेले असावे, हिशेब असावा, हे सर्व योग्यच होय. परंतु जी संस्था मुलामुलींच्या शिक्षणासाठी झटते, तिच्या स्मरणिकेत एखादा धडाही असावा, असे आम्हांस वाटते. हा धडा केवळ शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी नाही. चूल सांभाळणाऱ्या माता, दुकान चालविणारे बंधू आणि वखारीत राबणाऱ्या भगिनी यांनीही तो वाचावा. कारण त्याचा विषय त्यांच्या हाताखालून रोज जाणारे पदार्थ हाच आहे. पदार्थाचे कूळ ओळखता येणे ही नुसती परीक्षेची गोष्ट नव्हे. कित्येकदा तो जीव वाचविण्याचा प्रश्न असतो. तो कसा, हे लेखाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

शब्दांचा घोटाळा

जगातील यच्चयावत पदार्थांची शास्त्रज्ञांनी तीन कुळे केली आहेत. ज्या पदार्थाचे रासायनिक रीतीने त्याहून साध्या पदार्थांत विघटन होत नाही, ते मूलद्रव्य. दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठराविक प्रमाणात रासायनिक बंधाने एकजीव होऊन जो नवाच पदार्थ बनतो, ते संयुग. आणि जेथे पदार्थ नुसते शेजारी शेजारी नांदतात, परंतु आपापला स्वभाव सोडत नाहीत, ते मिश्रण.

आपल्या सीमाभागात या व्याख्यांइतकाच शब्दांचाही घोटाळा होतो. एकाच घरातील एक मूल मराठी शाळेत, दुसरे कानडी शाळेत आणि तिसरे उर्दू शाळेत जाते, असे बेळगाव-निपाणीकडे अनेक ठिकाणी आढळते. मराठी पुस्तकात 'धातू' म्हणजे लोखंड, तांबे, चांदी यांसारखे पदार्थ. कानडी पुस्तकात मात्र 'धातु' हा शब्द मूलद्रव्यासाठी येतो आणि मराठीतल्या धातूला तेथे 'लोह' म्हणतात. मराठी मुलाला 'लोह' म्हटले की केवळ लोखंड आठवते. त्यामुळे प्राणवायूला 'धातु' म्हणणाऱ्या कानडी शाळेतील धाकट्याला मराठी शाळेतील थोरला हसतो. वास्तविक दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबरच असतात. उर्दूत मूलद्रव्याला 'उन्सुर', संयुगाला 'मुरक्कब' आणि मिश्रणाला 'आमेझा' म्हणतात. पालकांनी हे शब्द एका कागदावर शेजारी शेजारी लिहून घरात लावावेत. तिन्ही भाषांत वस्तू एकच आहे, हे मुलांस एकदा समजले की अर्धा धडा झालाच म्हणून समजावे.

प्राचीन काळी आपल्याकडे पंचमहाभूते, तर ग्रीक व अरबी विद्वानांच्या ग्रंथांत माती, पाणी, हवा व अग्नी हे चार 'अनासिर' सर्व सृष्टीचे मूळ मानले जात. हा विचार टाकाऊ नव्हता; सृष्टीतील अनेकपणाच्या मुळाशी थोडेच पदार्थ असावेत, ही त्यातील कल्पना खरीच ठरली. मात्र नावे बदलली. माती अनेक पदार्थांचे मिश्रण ठरली, हवाही मिश्रण ठरली, पाणी संयुग निघाले आणि अग्नी हा तर पदार्थच नव्हे, असे दिसून आले. फ्रान्समधील लाव्हाझिए याने १७८९ साली ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. तीतही प्रकाश व उष्णता यांची नावे होती, इतका हा विषय त्या वेळी नवा होता. १८६९ साली रशियातील मेंडेलीव्ह याने मूलद्रव्यांची कोष्टकात मांडणी केली. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात असून त्यांपैकी सुमारे ९० निसर्गात सापडतात. बाकीची प्रयोगशाळेत निर्माण केलेली आहेत.

गुऱ्हाळावरची शाळा

मिश्रण म्हणजे काय, हे शिकण्यासाठी आमच्या मते गुऱ्हाळाइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. चरकातून ऊस जातो. रस एकीकडे, चिपाड दुसरीकडे. हे पहिले वेगळे करणे झाले. रस गाळला जातो, हे दुसरे. काहिलीत रस तापू लागला की त्यात चुन्याची निवळी किंवा भेंडीचा चिकट रस घालतात. गढूळपणा गोळा होऊन मळी वर येते व ती झाऱ्याने काढून टाकतात, हे तिसरे. मग पाणी वाफ होऊन निघून जाते, हे चौथे. सुमारे ११८ अंश उष्णतामान आले की अनुभवी गुळव्या पाक बोटावर पाहून काहील उतरविण्याची खूण करतो. या सर्व क्रियांत दाबणे, गाळणे, निवळणे आणि आटविणे हीच मुख्य साधने आहेत. अशा साध्या उपायांनी ज्याचे घटक वेगळे होतात, ते मिश्रण. उसाचा रस हे मिश्रण आहे आणि त्यातून निघालेला गूळही मिश्रणच आहे. त्यात साखर आहे, थोडे पाणी आहे, क्षार आहेत. म्हणून एका गुऱ्हाळाचा गूळ दुसऱ्यासारखा नसतो. जमीन, पाणी, उसाची जात आणि गुळव्याचा हात यांप्रमाणे तो बदलतो.

साखरेचे तसे नाही. संकेश्वरच्या हिरण्यकेशी कारखान्यातील असो वा निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्यातील असो, शुद्ध साखरेचा प्रत्येक रेणू सारखाच : कार्बनचे १२ अणू, हायड्रोजनचे २२ आणि प्राणवायूचे ११. १७४७ साली बर्लिन येथील मारग्राफ नावाच्या शास्त्रज्ञाने बीट या कंदातून साखर काढली आणि ती उसाच्या साखरेहून निराळी नाही, असे दाखविले. ऊस उष्ण देशाचा, बीट थंड देशाचे. परंतु संयुग तेच. संयुगाला गाव नसते. त्याचे प्रमाण ठरलेले असते. ही मिश्रण व संयुग यांतील पहिली खूण होय.

दुसरी खूण स्वभावाची. ७ ग्रॅम लोखंडाचा कीस आणि ४ ग्रॅम गंधकाची पूड एकत्र कालवली, तर लोहचुंबक लोखंड वेगळे काढतो. हे मिश्रण झाले. तेच परीक्षानळीत घालून शिक्षकांच्या देखरेखीखाली तापविले की ते लालबुंद होते, आणि थंड झाल्यावर जो काळा खडा उरतो त्याला लोहचुंबक ओढीत नाही. लोखंडाचा स्वभावही गेला आणि गंधकाचाही गेला. तिसराच पदार्थ जन्मास आला. रोजच्या जेवणातील मीठ पाहावे. सोडियम हा पाण्यात टाकताच भडकणारा धातू, क्लोरीन हा फुप्फुसे जाळणारा वायू, आणि दोहोंच्या संयोगाने झालेले मीठ मात्र आपण कौतुकाने वाढतो.

तिसरी खूण वेगळे करण्याची. समुद्राच्या पाण्यातून मीठ उन्हाने निघते, कारण ते मिश्रण आहे. परंतु मिठातून सोडियम काढावयास चाळणी, गाळणी किंवा ऊन उपयोगी पडत नाही. तेथे मीठ वितळवून विजेचा प्रवाह सोडावा लागतो.

याचे मोठे उदाहरण बेळगावच्या वेशीवरच आहे. चंदगडकडील डोंगरपठारांवर बॉक्साइट नावाचा तांबूस दगड सापडतो. हा दगड म्हणजे मिश्रण. त्यात अॅल्युमिनियमची संयुगे, लोखंडाची संयुगे व माती असे सारे असते. बेळगावजवळील यमनापूर येथील हिंडाल्कोच्या कारखान्यात गरम कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने या दगडातून अॅल्युमिना काढतात. ही रीत बायर या शास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास शोधली. लोखंडाचा अंश लाल चिखलाच्या रूपाने मागे राहतो आणि पांढरी शुभ्र पूड हाती येते. पुष्कळांचा समज असा की हेच अॅल्युमिनियम. परंतु ही पूड संयुग आहे. तिच्या १७ भागांत ९ भाग अॅल्युमिनियम व ८ भाग प्राणवायू. तिच्यातून मूलद्रव्य काढण्यासाठी प्रचंड वीज लागते. ती युक्ती १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे शोधली. तोपर्यंत अॅल्युमिनियम ही श्रीमंतांची चैन होती. दगड, पांढरी पूड आणि स्वयंपाकघरातील पातेले : मिश्रण, संयुग आणि मूलद्रव्य या तीन पायऱ्या इतक्या जवळून दाखविणारे उदाहरण विरळा.

जेथे माणसे चुकतात

काही पदार्थ नजरेला फसवितात. पितळ एकजिनसी दिसते, पण ते तांबे व जस्त यांचे मिश्रण आहे. प्रमाण कमीजास्त करता येते. २२ कॅरट सोनेही तसेच. त्याच्या २४ भागांत २२ भाग सोने व उरलेले दोन भाग तांबे वा चांदी. म्हणूनच त्यावर ९१६ हा आकडा असतो, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. हवा एकजिनसी वाटते, परंतु तिच्यात शेकडा ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग प्राणवायू व उरलेल्या एका भागात आर्गॉन इत्यादी वायू आहेत. दूध हेही मिश्रणच, म्हणून साय वर येते आणि ताक घुसळले की लोणी निघते. बेळगावचा कुंदा मात्र विचार करावयास लावतो. दूध व साखर एकत्र केले तेव्हा मिश्रण होते. मंद आचेवर पुष्कळ वेळ आटविताना पाणी जाते, एवढेच होत नाही, तर साखर व दुधातील प्रथिने यांच्यापासून नवी संयुगे बनतात. कुंद्याचा तो तपकिरी रंग व खमंग वास त्यांचाच. म्हणून कुंदा पुन्हा पाण्यात कालवून दूध-साखर परत मिळत नाही.

दुसरी चूक 'केमिकल' या शब्दाची. बाजारात 'केमिकलविरहित' अशी पाटी वाचून गिऱ्हाईक निश्चिंत होते. परंतु पाणी हे केमिकल आहे, मीठ आहे, उसातील साखरही आहे. विचारावयाचा प्रश्न असा की कोणते संयुग, किती प्रमाणात आणि कशासाठी घातले? गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हैड्रोस नावाची गंधकयुक्त पूड घालण्याची वाईट चाल पडली आहे. म्हणून काळपट गूळ पाहून नाक मुरडू नये. उलट मिठात आयोडीनचे संयुग मुद्दाम मिसळतात, कारण त्याच्या अभावी गलगंड होतो व मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. ग्राहकाच्या हाती येताना दहा लाख भाग मिठात निदान १५ भाग आयोडीन असावे, असा नियम आहे. एक मिसळ लुबाडण्यासाठी, दुसरी आरोग्यासाठी.

तिसरी चूक अशी की घटक निरुपद्रवी असले म्हणजे संयुगही निरुपद्रवी, असे मानणे. निपाणीची पेठ ज्या पिकावर उभी राहिली, त्या तंबाखूचेच पाहा. १९८१ साली येथील शेतकऱ्यांनी तंबाखूच्या रास्त भावासाठी जे आंदोलन केले, ते सर्वांस ठाऊक आहे. वखारीत स्त्रिया वाळलेला पाला कुटून चाळतात, देठ वेगळे करतात. हे मिश्रणाचे घटक वेगळे करणेच होय. परंतु पानाच्या आत जे निकोटीन आहे, ते चाळणीने जात नाही. १८२८ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमान यांनी ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच्या रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १४ व नायट्रोजनचे २ अणू. कोळशात कार्बन आहे, पाण्यात हायड्रोजन आहे, श्वासाच्या हवेत नायट्रोजन आहे. यांतील एकही विषारी नाही. तरीही हे तिन्ही एका विशिष्ट रीतीने जोडले गेले की जालीम विष तयार होते. ओल्या पानांची खुडणी करणाऱ्यांच्या कातडीतून ते अंगात शिरते व मळमळ, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. म्हणून खुडणी करणाऱ्यांनी अंगभर कपडे व हातमोजे वापरावेत, वखारीतल्या भगिनींनी धुळीपासून नाकतोंड झाकावे, आणि भाकरीला हात लावण्यापूर्वी ते साबणाने स्वच्छ धुवावेत. तान्ह्या मुलास वखारीत नेणे टाळता आले तर अवश्य टाळावे.

हे ज्ञान जीव कसा वाचविते

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या चार गोष्टी सांगतो. त्या घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचाव्यात.

पहिली गोष्ट बंद खोलीतील शेगडीची. कार्बनचे ३ भाग व प्राणवायूचे ८ भाग यांपासून कार्बन डायऑक्साइड बनतो. आपण उच्छ्वासावाटे सोडतो तोच हा वायू. परंतु खोली बंद असून प्राणवायू अपुरा पडला, तर ३ भागांस ४ च भाग मिळतात आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. मूलद्रव्ये तीच, फक्त प्रमाण निम्मे. पण हा दुसरा वायू घातक आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील रंगद्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसास जागही येत नाही. बेळगावच्या थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची रीत आहे. ती ठेवावयाचीच असेल तर खिडकी उघडी ठेवावी, आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी.

दुसरी गोष्ट न्हाणीघर धुण्याची. एका बाटलीत अॅसिड असते, दुसऱ्या डब्यात ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र केल्यास दुप्पट स्वच्छता होईल, असे वाटणे साहजिक आहे. कारण मिसळणे म्हणजे मिश्रण, असे आपण धरून चालतो. परंतु येथे मिश्रण होत नाही, रासायनिक क्रिया होते आणि संयुगात बांधलेला क्लोरीन मोकळा होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेलेला वायू तो हाच. लहानशा न्हाणीघरात तो कोंडला तर प्राणावर बेतते. म्हणून साफसफाईचे दोन पदार्थ कधीही एकत्र करू नयेत. चुकून झालेच, तर धुण्यासाठी थांबू नये. तत्काळ मोकळ्या हवेत यावे, दारे उघडी टाकावीत आणि खोकला वा दम लागल्यास डॉक्टर गाठावा.

तिसरी गोष्ट तांब्याच्या भांड्यांची. आपल्याकडे लग्नकार्यात व ईदेला बिर्याणीच्या देगा चढतात. तांबे हे मूलद्रव्य. परंतु दही, लिंबू, चिंच यांसारख्या आंबट पदार्थांशी त्याचा संयोग होऊन अपायकारक संयुगे बनतात. त्यासाठी कल्हई. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो. हे संयुग तांब्यावरील मळ काढून टाकते आणि मग कथील हे दुसरे मूलद्रव्य त्यावर पातळ थराने बसते. किती जुनी, किती शहाणपणाची ही कला! परंतु कथिलात शिसे मिसळलेले असेल, तर ते चमकण्यावरून डोळ्यांस ओळखू येत नाही. म्हणून कल्हई विश्वासाच्या कारागिराकडून करवावी, शुद्ध कथिलाचे चार पैसे अधिक द्यावेत, आणि तांबे उघडे पडलेल्या देगेत आंबट रांधू नये.

चौथी गोष्ट नाजूक आहे, पण टाळता येत नाही : सुरमा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तो मायेने घातला जातो. मूळचा सुरमा अँटिमनी व गंधक यांच्या संयुगाचा असे. परंतु बाजारात त्या नावाने जी काळी चमकदार पूड मिळते, ती पुष्कळदा शिसे व गंधक यांचे संयुग असते. त्याच्या शंभर भागांत ८६ हून अधिक भाग शिसे असते. कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्हीच सांगितले ना की संयुगात घटकाचा स्वभाव राहत नाही? मग मिठातला क्लोरीन जर बाधत नाही, तर सुरम्यातले शिसे का बाधावे?" हा प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. संयुगात घटकाचा स्वभाव लोपतो, पण त्याचे अणू नाहीसे होत नाहीत. मिठातील क्लोरीन मीठ म्हणूनच शरीरात राहतो व तशा रूपात शरीरास तो हवाच असतो. शिशाचे तसे नाही. बाळ डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते. पोटातील आम्लात ते संयुग थोडे थोडे विरघळते आणि शिसे रक्तात उतरते. शरीरास शिशाचा काहीच उपयोग नाही. ते हाडांत साचते आणि वाढत्या मेंदूची कायमची हानी करते. "हा तर नैसर्गिक दगड आहे, यात केमिकल नाही," हे विक्रेत्याचे म्हणणे निरर्थक आहे; तो दगड हेही संयुगच आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखून आम्ही इतकेच म्हणतो की लहान मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालू नये. माया करण्यास दुसरे पुष्कळ मार्ग आहेत.

घरचा अभ्यास

आता वाचकांनी एक करावे. रविवारी मुलांस जवळ बसवून कागदावर तीन रकाने आखावेत आणि घरातील वीस वस्तू त्यांत लिहून पाहाव्यात. सोपे असे : तांब्याची तार, अॅल्युमिनियमचे पातेले, दागिन्यातील चांदी, मीठ, साखर, खाण्याचा सोडा, पाणी, चहा, दूध, गूळ, अत्तर, पितळेचा तांब्या, रॉकेल. प्रत्येक वस्तूस तीन प्रश्न विचारावेत : प्रमाण ठरलेले आहे का? घटकांचा मूळ स्वभाव राहिला आहे का? साध्या उपायांनी ते वेगळे होतात का? जेथे वाद होईल तेथे होऊ द्यावा. नळाचे पाणी शुद्ध संयुग की क्षार विरघळलेले मिश्रण, यावर घरात तासभर चर्चा झाली तरी ती वाया जात नाही. दागिन्यातील चांदीही मूलद्रव्याच्या रकान्यात घालण्यापूर्वी सराफास विचारावे लागेल. मोठ्यांस उत्तर न सुचल्यास मुलाने ते दुसऱ्या दिवशी शाळेत विचारावे.

आणि या रविवारी कागदावरील काम झाले की न्हाणीघरातील अॅसिडची बाटली एका फळीवर व ब्लीचिंग पावडरचा डबा दुसऱ्या फळीवर, दोन्ही मुलांचे हात पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवावीत. या धड्याचे पहिले प्रात्यक्षिक तेच.